घड्याळातले बीपी आणि दंडावरचे बीपी

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. वाशीच्या बाजार समितीत त्यांनी ३० वर्षे माथाडी म्हणून काम केले. चार वर्षांपूर्वी त्यांना बीपीची गोळी सुरू झाली. दिवाळीत मी त्यांना स्मार्ट घड्याळ घेऊन दिले, त्यात बीपीही दिसते. रोज सकाळी आकडा ११८/७६ च्या आसपास येतो, म्हणून दीड महिन्यापूर्वी त्यांनी परस्पर गोळी बंद केली. माझे आजोबा ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले आणि वडिलांची तंबाखू अजून सुटलेली नाही, त्यामुळे मला धास्ती वाटते. घड्याळावर विसंबावे का, आणि मोबाइलचा खरा उपयोग कसा करून घ्यावा?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : बाकी सगळे बाजूला ठेवून एक काम आधी करा. वडिलांना आजच त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजून घ्या आणि गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या. डॉक्टर भेटत नसतील तर महापालिकेच्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातही बीपी मोजून मिळते.

घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाच्या यंत्राचा पट्टा फुगतो, धमनी दाबली जाते आणि हवा सुटताना रक्त पुन्हा कसे वाहू लागते त्यावरून दाब मोजला जातो. बहुतेक घड्याळांत असे काही दाबले जात नाही. घड्याळाच्या पाठीमागून त्वचेवर प्रकाश पडतो, प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताची लहर आली की परतणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्या लहरीच्या आकारावरून दाब किती असावा याचा अंदाज बांधला जातो. चांगल्या घड्याळांनाही हा अंदाज ठराविक काळाने दंडाच्या यंत्राशी जुळवून द्यावा लागतो. स्वस्त घड्याळांत पुष्कळदा ती सोयच नसते. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच, की आकडा रोज त्याच जागी येतो. जागरण, चिडचिड, थंडी, आदल्या रात्रीचे पापड-लोणचे यांमुळे माणसाचे बीपी दररोज थोडे वरखाली होतच असते, आणि गोळी बंद करून दीड महिना झाल्यावरही ते जराही हलत नसेल तर ते यंत्र काय मोजते आहे, असा प्रश्न पडायला हवा. माझ्याकडे असेच घड्याळ बांधून आलेल्या एका गृहस्थांच्या मनगटावर १२० दिसत होते आणि त्याच वेळी दंडावर वरचा आकडा १७८ भरला. युरोपातील उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, पट्टा नसलेल्या साधनांच्या आधारे निदान किंवा उपचार ठरवू नयेत, असेच सांगितले आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगण्याचा दावा करणारी ॲपही निघाली होती; त्यांतल्या एकाची अमेरिकेत तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बीपी खरोखर वाढलेल्या दर १० जणांपैकी जवळजवळ ८ जणांना त्या ॲपने ते वाढलेले नसल्याचे सांगितलेले आढळले.

घरात दंडावर बांधायचे डिजिटल मशीन आणा. पट्ट्याचे माप मात्र पाहून घ्या. आयुष्यभर पोती उचललेल्या माणसाचा दंड भरदार असतो, आणि मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच आवळून बांधला तर बीपी आहे त्याहून जास्त दिसते. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा आणि गरज असेल तर मोठा पट्टा मागून घ्या.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि चालणे नको. लघवीला जाऊन यावे, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. गप्प म्हणजे खरोखर गप्प, कारण बोलताना आकडा चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरतात, घरी मात्र १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी आली तर बीपी वाढलेले समजतात.

आता मोबाइलविषयी. मोबाइल हृदयासाठी पुष्कळ काही करू शकतो, पण त्याच्या पलीकडच्या टोकाला एखादे माणूस असावे लागते. आपल्या देशात हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामूहिक आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी टॅबलेट संगणकावरील एक प्रणाली वापरून पाहिली गेली. २०१९ साली निष्कर्ष आले तेव्हा दिसले की दोन्ही गटांतील रुग्णांचे बीपी उतरले होते. प्रणाली नसलेल्या केंद्रांतही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि उपचारांचे तक्ते मिळाले होते, आणि त्यापलीकडे प्रणालीने विशेष भर घातली नव्हती. याउलट सिडनीत हृदयविकाराच्या ७१० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस पाठवले गेले. आहार, चालणे, धूम्रपान सोडणे अशा विषयांवरचे ते एकदोन ओळींचे मजकूर होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संदेश मिळालेल्यांचे वरचे बीपी सरासरी १२८ होते आणि न मिळालेल्यांचे १३६. धूम्रपान करणारे पहिल्या गटात २६ टक्के उरले होते, दुसऱ्यात ४३ टक्के. म्हणजे महागड्या साधनांवाचूनही काम होते. तुम्ही रोज कामावर जाताना लोकलमधून वडिलांना ‘गोळी घेतली का?’ एवढे विचारणारा संदेश पाठवलात आणि त्यांनी रिकाम्या खाचेसह गोळ्यांच्या पट्टीचा फोटो उत्तरादाखल पाठवला, तरी मला ते कोणत्याही ॲपपेक्षा जास्त मोलाचे वाटते. पट्टी संपायच्या पाच दिवस आधी वाजेल असा गजरही लावून ठेवा, कारण गोळी बंद पडते ती बहुधा पट्टी संपते त्याच आठवड्यात. सात दिवसांचे आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहा, जिथे तुम्ही दुधाचा खाडा लिहीत असाल तिथेच, आणि त्या पानाचा फोटो डॉक्टरांकडे न्या.

तंबाखूसाठी केंद्र सरकारची दोन साधने आहेत. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवले की तंबाखू सोडण्यासाठी संदेश येऊ लागतात, आणि १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. फोन वडिलांनी स्वतः करावा. तुम्ही फक्त क्रमांक लावून द्या.

आणि पत्रात तुम्ही स्वतःविषयी काहीच लिहिले नाही. आजोबा ५२ व्या वर्षी गेले, वडिलांना बीपी आहे, तेव्हा तुमचे वय ३० च्या पुढे असेल तर तुमचेही बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. कोलेस्टेरॉल कोणतेही घड्याळ सांगत नाही, त्यासाठी रक्तच द्यावे लागते.

प्रश्न : माझे पती ७० वर्षांचे असून रोज संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारतात. मुलीने परदेशातून आणलेल्या घड्याळाने महिन्यात दोनदा ‘ठोके अनियमित’ अशी सूचना दिली. दवाखान्यात काढलेला ईसीजी नॉर्मल आला. आता हे सोडून द्यावे का?
— एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : सोडून देऊ नये, ताई, आणि घाबरूनही जाऊ नये. बीपीच्या बाबतीत घड्याळ जितके कच्चे आहे तितके ते नाडीच्या लयीच्या बाबतीत नाही. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा विकार अनेकांत येऊन-जाऊन असतो. दवाखान्यातला ईसीजी काही सेकंदांचा, त्यामुळे त्या क्षणी लय बरोबर असेल तर तो नॉर्मलच येणार.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त ४,१९,२९७ जण सहभागी होते. त्यांपैकी अवघ्या ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना मिळाली, आणि सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ठोक्यांची लय नोंदवणारी पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातील ३४ टक्के लोकांत हा विकार सापडला. विकार न सापडलेलेही बरेच होते, म्हणून सूचना म्हणजे निदान नव्हे. पण तुमचे यजमान ७० वर्षांचे आहेत आणि वय वाढते तसा हा धोका वाढतो. दोन्ही सूचनांचे दिवस-वेळेसह स्क्रीनशॉट काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि २४ तास किंवा त्याहून जास्त काळ लय नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीविषयी विचारा. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधड होत असतानाच तो काढून ठेवावा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी सुरू करू नका, कारण तिच्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो आणि कोणाला द्यायची ते हिशोब करूनच ठरवावे लागते.

प्रश्न : रोज १०,००० पावले झालीच पाहिजेत का? माझी ६,००० च्या वर जात नाहीत. कधी खारघरच्या टेकडीकडचा चढ चढताना छातीत आवळल्यासारखे होते, थांबले की बरे वाटते.
— एक वाचक, वय ५६, खारघर

उत्तर : १०,००० हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला. तेव्हा पावलांची काळजी तूर्त करू नका.

काळजी तुमच्या दुसऱ्या वाक्याची आहे. चढावर छाती आवळणे आणि थांबल्यावर बरे वाटणे हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. ईसीजी आणि पुढील तपासण्या या आठवड्यातच करून घ्या, तोवर टेकडी बंद. हीच तक्रार बसल्या जागी झाली, काही मिनिटांत थांबली नाही, किंवा सोबत घाम आला, तर घड्याळावर ईसीजी काढत बसू नका. हार्ट अटॅक ओळखणे त्या ईसीजीच्या आवाक्यातले नाही. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत त्यांचा फोटो बरोबरच्या माणसाच्या मोबाइलमध्ये आजच ठेवून द्या.