डीएनए चाचणीत ६ टक्के ‘आयर्लंड’ आलं. म्हणजे आमच्यात केल्टिक रक्त आहे का? पूर्वजाचा शोध कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की आईकडचे खापरपणजोबा पुण्याच्या छावणीत आयरिश सोल्जर होते असं घरात सांगत आलेत. आडनाव तेवढं लोकांच्या लक्षात राहिलंय, बाकी काही नाही. चाचणीचा निकाल आल्यापासून तुम्ही केल्टिक राशी, ड्रुइड (केल्टांचे पुरोहित), घराण्याची चौकट असलेलं कापड असं सगळं शोधताय, आणि त्या पुराणकथाही वाचायच्या आहेत. मी आयर्लंडच्या पश्चिमेला राहते आणि इथली जुनी कागदपत्रं व कथा हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तो ६ टक्क्यांचा आकडा. खापरपणजोबा म्हणजे तुमच्या वरची चौथी पिढी. त्या पिढीत तुमचे सोळा पूर्वज, आणि प्रत्येकाचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. आई-वडिलांकडून निम्मं-निम्मं येतं हे नक्की, त्याच्या वर गेलं की वाटा थोडा कमी-जास्त होतो. तरी घरातली गोष्ट आणि चाचणी एकमेकींना धरून आहेत, त्यामुळे गोष्ट खरी मानून पुढे जायला हरकत नाही. मात्र ‘आयर्लंड’ हे लेबल कंपनीने आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी तुलना करून लावलेलं असतं. उत्तर आयर्लंडमधला माणूस आणि समोरच्या किनाऱ्यावरचा स्कॉटिश माणूस त्या तुलनेत सहज एकमेकांत मिसळतात. निकालासोबत काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, नकाशा रंगवून आला असेल तर त्यावर फार विसंबू नका.

आता ‘केल्टिक रक्त’. असं काही वेगळं रक्त सापडलेलं नाही. २०१५ साली ब्रिटनमधल्या २,०३९ लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच ग्रामीण टापूत जन्मलेले, अशीच माणसं त्यासाठी निवडली होती. त्यात कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड या ‘केल्टिक’ म्हणवल्या जाणाऱ्या मुलखांतली माणसं मिळून एक गट बनेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. कॉर्नवॉलचे लोक वेल्सपेक्षा इंग्लंडच्या इतर भागांना जवळचे निघाले, आणि खुद्द वेल्समध्ये उत्तर व दक्षिण असे वेगळे गट दिसले.

आयर्लंडची गोष्ट त्याहून रंजक आहे. उत्तरेला रॅथलिन नावाचं छोटं बेट आहे. तिथे २००६ साली एका पबच्या मागे जमीन साफ करताना तीन पुरुषांचे सांगाडे मिळाले. काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, कांस्ययुगातला. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचं वाचन प्रसिद्ध झालं, तेव्हा ते आजच्या आयरिश, स्कॉटिश आणि वेल्श लोकांशी स्पष्ट नातं सांगणारे ठरले. ऑस्ट्रियातलं हालस्टाट आणि स्वित्झर्लंडमधलं ला तेन या दोन ठिकाणांवरून ज्या लोहयुगीन संस्कृतींना ‘केल्टिक’ म्हणायची प्रथा पडली, त्यांच्याही हजारभर वर्षं आधीची ही माणसं. तुमच्या खापरपणजोबांचे पूर्वज बहुधा याच साखळीतले. त्यांनी केल्टिक भाषा नेमकी कधी आणि कुणाकडून घेतली, यावर विद्वानांचे वाद अजून रंगतात.

प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखक ‘केल्ट’ म्हणत ते युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांना. हिरोडोटसने त्यांना डॅन्यूब नदीच्या उगमापाशी बसवलं. सीझर सांगतो की गॉलमधले, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधले, लोक आपल्या भाषेत स्वतःला केल्ट म्हणवतात. ब्रिटन-आयर्लंडच्या रहिवाशांना मात्र त्या काळातल्या कुणी केल्ट म्हटलेलं नाही. ही ओळख तिथे रुजली ती एडवर्ड ल्विड या वेल्श विद्वानाच्या १७०७ सालच्या कामानंतर. आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश या भाषा एकमेकींच्या आणि जुन्या गॉलिशच्या नातलग आहेत, हे त्याने बारकाईने मांडलं. पुढे १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृतच्या नात्यागोत्याचं प्रसिद्ध भाषण केलं, त्यात ग्रीक-लॅटिनच्या सोबत केल्टिकचंही नाव घेतलं. म्हणजे तुमच्या मराठीचं आणि त्या सैनिकाच्या आजीच्या भाषेचं दूरचं नातं त्या ६ टक्क्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. माझ्या मते केल्टिक असण्याचा खरा आधार हाच आहे: भाषा, त्या भाषेतल्या कथा आणि त्या कथा ज्या जमिनीला चिकटल्या आहेत ती गावं.

म्हणून राशी आणि कापड बाजूला ठेवा. झाडांच्या केल्टिक राशी २०व्या शतकात एका इंग्रज कवीने मांडलेल्या कल्पनेवर रचल्या गेल्या. आज दिसणारे ड्रुइडांचे पांढरे झगे आणि दगडांची वर्तुळं यांचा उगम लंडनमधल्या १७९२ सालच्या सोहळ्यात आहे. आयोलो मॉर्गानग नावाच्या वेल्श कवीने तो स्वतःच रचला होता. प्रत्येक घराण्याचं ठरलेलं टार्टन, म्हणजे ते चौकटीचं कापड, ही मुख्यतः १९व्या शतकातली स्कॉटिश गोष्ट, आयरिश सोल्जराशी तिचा संबंध नाही. आवडलं तर जरूर वापरा, पण तुमच्या माणसाने यातलं काही पाहिलेलं नसणार.

त्याने काय पाहिलं होतं? त्याचा जन्म १८४०-५० च्या सुमाराचा असेल तर दुष्काळ. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास आली. पलटणीत भरती होणं हा पोटाचा मार्ग त्याआधीपासूनच होता. १८३० मध्ये ब्रिटिश सैन्यातले दर पाचांतले दोन सैनिक आयरिश होते. ईस्ट इंडिया कंपनीची जी युरोपियन पलटण पुढे ‘रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स’ झाली, तीच १८८१ साली ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ची दुसरी बटालियन बनली. पुण्यातलं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलही याच काळातलं, १८५० सालचं. छावणीतल्या कॅथलिक सैनिकांसाठी उभं राहिलेलं.

शोध भारताकडून सुरू करा, आयर्लंडकडून नाही. नवखी मंडळी थेट आयरिश जनगणना उघडतात आणि निराश होतात. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दप्तर जळालं, आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची कागदपत्रं जवळपास सगळी गेली. १८६१ आणि १८७१ ची सरकारने आधीच नष्ट केली होती, १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगद्यात गेली. त्यामुळे संपूर्ण जनगणना मिळते ती १९०१ पासून पुढची. तुमचा माणूस तेव्हा केव्हाच बाहेर पडलेला.

भारतात मात्र पाद्री दर वर्षी बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या याद्या लंडनला पाठवत. मुंबई इलाख्याच्या याद्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत, आणि त्यातलं पुष्कळ आता इंटरनेटवर पाहता येतं. आडनाव, पुणे किंवा किरकी (खडकी), अंदाजे दशक एवढ्यावर लग्नाची नोंद लागली की पलटण कळते. पलटण कळली की लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरात ‘डब्ल्यूओ ९७’ बघा. पेन्शन घेऊन सुटलेल्या सैनिकांचे कागद त्यात आहेत: जन्माचा पॅरिश (एका चर्चखालचा गावांचा टापू), भरतीच्या वेळचं वय, आधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग. तो नोकरीत असतानाच भारतात वारला असेल तर हे कागद मिळणार नाहीत, मग दफनाची नोंद आणि पलटणीचे हजेरीपट यांवर भिस्त.

लग्नाच्या नोंदीतला बायकोचा रकाना सावकाश वाचा. ती भारतातलीच असेल तर अनेकदा तिथे फक्त बाप्तिस्म्याचं नाव असतं. बापाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही. मला हे दर वेळी अस्वस्थ करतं. सोल्जराची उंची इंचात लिहून ठेवलीय आणि जिने त्याचं घर चालवलं तिचं माहेर कुणी विचारलंही नाही. चाचणीत तिचा वाटाही साधारण त्याच्याइतकाच आहे, फक्त तो बाकीच्या ‘दक्षिण आशिया’त मिसळून गेल्याने तुमच्या नजरेत भरला नाही. आईकडच्या म्हाताऱ्या माणसांना तिच्याबद्दलही आत्ताच विचारून घ्या.

पॅरिश कळला की आयर्लंडकडे वळा. कॅथलिक पॅरिशांची साधारण १८८० पर्यंतची रजिस्टरं डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून मोफत ऑनलाइन ठेवली आहेत. सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. आणि १८४७ ते १८६४ मध्ये झालेली ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ ही जमीन-घरांची मोजणी, तिच्यात कुटुंबप्रमुखाचं नाव आणि टाउनलंड मिळतं. टाउनलंड म्हणजे वाडी आणि तिचं शिवार. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि तुम्हाला त्यातला एक हवा आहे.

आता कथा. सुरुवात ‘तॉन बो कूल्न्ये’पासून करा, म्हणजे कूल्न्येच्या गुरांची लूट. पश्चिमेकडच्या कॉनाख्ट प्रांताची राणी मेव्ह आणि तिचा नवरा अंथरुणात पडल्या पडल्या आपापली मालमत्ता मोजतात. सगळं बरोबरीचं निघतं, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. म्हणून ती उत्तरेकडच्या अल्स्टरमधला तपकिरी बैल मिळवायला सैन्य काढते. अल्स्टरचे वीर शापामुळे आडवे पडलेले, आणि एकटा पोरसवदा कू खुलन सीमेवर उभा. विराटपर्वातलं गोग्रहण वाचलेल्या मराठी माणसाला ही चौकट परकी वाटणार नाही. वीरगळांवर खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या दिसतात, त्यांच्यासाठी मेलेल्या माणसांचं हे जग आहे.

त्यातला फेर्दियाचा प्रसंग चुकवू नका. कू खुलन आणि फेर्दिया एकाच गुरुकुलात शिकलेले जिवलग मित्र, मेव्हने डाव टाकून त्यांना नदीच्या उतारावर समोरासमोर आणलेलं. दिवसभर लढतात. पहिले दोन दिवस संध्याकाळी शस्त्रं टाकून एकमेकांना मिठी मारतात, दोघांचे घोडे एकाच आवारात बांधतात. कू खुलन आपल्या औषधी पाल्यातला निम्मा पाण्यापलीकडे फेर्दियाला पाठवतो, फेर्दिया आपल्या जेवणातला वाटा इकडे पाठवतो. चौथ्या दिवशी फेर्दिया पडतो आणि कू खुलन त्याला उचलून आपल्या काठावर आणतो, मेल्यावर तरी तो शत्रूच्या बाजूला राहू नये म्हणून. ते गाव, आर्डी, लाउथ काउंटीत आहे आणि त्या उताराचंच नाव वागवतं.

या कथा लिहून ठेवल्या ख्रिस्ती साधूंनी. १२व्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’मध्ये ही कथा संपल्यावर आधी आयरिशमध्ये आशीर्वाद आहे: जो ही कथा जशीच्या तशी पाठ म्हणेल त्याचं भलं होवो. लगेच खाली लॅटिनमध्ये लेखनिक म्हणतो की यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही सैतानाची फसवणूक, काही कवींची रचना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. विश्वास नसताना हजारो ओळी इमानाने उतरवून काढल्या त्याने. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

मेव्हची राजधानी राथक्रोहन रॉसकॉमन काउंटीत आहे. हिरव्या माळावर मातीचे उंचवटे, मेंढ्या, आणि एका शेतात हॉथॉर्नच्या झाडाखाली बिळासारखं तोंड असलेली ओवेनागत ही गुहा. सांवन, म्हणजे आजच्या हॅलोविनच्या रात्री, इथून परलोकातले प्राणी बाहेर पडतात अशी जुनी समजूत. आत बसत-सरपटतच जावं लागतं. विजेरी वर धरली की तोंडाजवळच्या आडव्या दगडाच्या कडेवर ओगम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा दिसतात: ‘मेव्हच्या मुलाचा, फ्रेखचा’. चिखलाने कपडे भरलेले असताना मेव्हचं नाव दगडावर पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला होता.

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या लोककथा आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून कथा, उपाय, विहिरींच्या आख्यायिका, दुष्काळाच्या आठवणी लिहून आणायला लावल्या. आज स्वतंत्र आयर्लंडमध्ये असलेल्या २६ काउंटींच्या त्या वह्या ‘दूखस’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, शाळेच्या आणि गावाच्या नावाने शोधून. त्या म्हाताऱ्यांपैकी कित्येक तुमच्या खापरपणजोबांच्या भावाबहिणींची मुलं-नातवंडं शोभतील अशा वयाचे. कुठल्या टेकाडाला नांगर लावायचा नाही, कुठल्या झाडाची फांदी तोडायची नाही, हे त्यात मुलांच्या अक्षरात आहे, आणि ते आजही पाळलं जातं. १९९९ साली क्लेअर काउंटीत महामार्गाच्या आड येणारं परीचं झाड एडी लेनिहान या कथेकऱ्याने आवाज उठवल्यावर राखलं गेलं.

आधी पुण्याकडची लग्नाची नोंद काढा. पॅरिशचं रजिस्टर लॅटिनमध्ये निघालं आणि अक्षर लागेना, तर त्या पानाची प्रत मला पाठवा, वाचून देईन.