मोड नव्हे, चामखीळ

प्रश्न : मी २५ वर्षांचा असून नेरूळला राहतो. मी समलिंगी आहे आणि दोन वर्षांपासून एकाच जोडीदाराबरोबर आहे. गुदद्वाराशी बारीक पुळ्या आल्या, तेव्हा मोड आले असतील असे समजून मी दीड महिना मूळव्याधीचे मलम लावले. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र या एचपीव्ही नावाच्या विषाणूने आलेल्या चामखिळी असल्याचे सांगितले. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आहे. जोडीदाराने मला फसवले असेल का? आणि या विषाणूविरुद्धची बायकांची ती लस मी घेऊन उपयोग आहे का?
– एक वाचक

उत्तर : आधी जोडीदाराविषयी, कारण तुमच्या पत्रातली खरी ठसठस तिथेच आहे. हा विषाणू शरीरात शिरल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे लागतात, कधी अनेक महिने आणि क्वचित वर्षेही जातात. त्यामुळे तो या नात्यात आला की त्याआधीच तुम्हा दोघांपैकी कोणाकडे होता, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो, आणि कातडीला कातडी लागून पसरत असल्यामुळे निरोधने धोका कमी होतो, पुरता टळत नाही.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. अशा चामखिळी बहुतांशी ६ आणि ११ या प्रकारांच्या असतात व त्यांचा सहसा कर्करोग होत नाही. कर्करोगाचा संबंध मुख्यत्वे १६ आणि १८ यांच्याशी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे हे मूळ शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले आणि तेव्हापासून हा ‘बायकांचा विषाणू’ ठरला तो ठरलाच. वास्तविक गुदद्वाराच्या कर्करोगातही प्रकार १६ प्रमुख असतो, आणि समलिंगी पुरुषांत, विशेषतः एचआयव्हीसह जगणाऱ्यांत, त्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे.

म्हणून लस जरूर घ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक या चारही प्रकारांविरुद्ध आहे आणि ९ ते २६ वयाच्या पुरुषांसाठीही तिला मान्यता आहे. तुमच्या वयात तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत घ्यायच्या असतात, तेव्हा चालढकल नको. आलेली चामखीळ मात्र तिने जात नाही. त्यासाठी द्रव नायट्रोजनने गोठवणे, विजेने जाळणे किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम हे उपाय आहेत. चुना, खार असले घरगुती प्रयोग त्या नाजूक कातडीवर करू नका. उपचारानंतर काही महिन्यांत पुन्हा एखादी उगवली, तरी उपचार फसला असे समजू नये.

सिफिलिसचे चट्टेही कधीकधी असेच दिसतात, म्हणून ती रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. चामखिळी आतही असू शकतात, त्यासाठी नळीने तपासावे लागते, आणि त्याकरिता डॉक्टरांना तुमच्या संबंधांविषयी ठाऊक हवे. ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात ‘दिवसभर खुर्चीत बसून असतो, डॉक्टर’ एवढेच सांगून छताकडे पाहणारे तरुण येतात. मग मलाच विचारावे लागते. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर पुढच्या भेटीत तुम्ही आपणहून सांगा, आणि जमल्यास जोडीदारालाही बरोबर न्या.