रेल्वे ग्रुप डीसाठी गणित, विज्ञान, जीके वेगवेगळे करावे की एकत्र?

धडा शिकताना वेगवेगळे, सराव मात्र एकत्रच. या पेपरात ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात: गणित २५, बुद्धिमत्ता ३०, सामान्य विज्ञान २५, चालू घडामोडी व जीके २०. नुसती वेग-अंतराची ५० गणितं ओळीने सोडवली की सूत्र आधीच डोक्यात असतं; परीक्षेत ते ओळखण्यापासून सुरुवात करावी लागते. १५० मीटरची गाडी ताशी ५४ किमी वेगाने खांब किती वेळात ओलांडेल? ५४ × ५/१८ = १५ मी/से, म्हणजे १० सेकंद. लगेच पुढचा प्रश्न आम्लाचा, त्यापुढचा राज्यघटनेचा. ही उडी सवयीनेच जमते.

रोज २५ प्रश्नांचा मिश्र संच २२ मिनिटांत सोडवा आणि चुका तपासायला त्याहून जास्त वेळ द्या. जीके रटण्यात दिवस घालवू नका, दहावीचं विज्ञान पक्कं करा. तिथले गुण जास्त भरवशाचे आहेत.

चुकीला १/३ गुण कापतात. चारही पर्याय अनोळखी असतील तर अंदाजाने सरासरी फायदा शून्य, म्हणून प्रश्न सोडा. एक पर्याय जरी खात्रीने बाद झाला तर उत्तर नक्की द्या.