वाचकांचे प्रश्न: गावाला हॉल हवा की म्युझियम?

प्रश्न: आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याला. वाडीतली झेडपीची शाळा पोरं नाहीत म्हणून बंद झाली, दोन खोल्या नुसत्या पडून आहेत. आम्हा काही जणांना तिथे गावाचं म्युझियम करायचंय, इरली, घोंगड्या, पायली-शेर, नमन या आमच्या लोकनाट्याचे मुखवटे असं सगळं. मुंबईचं मंडळ म्हणतं म्युझियम कोण बघणार, हॉल बांधू, लग्नाबारशाला होईल. वाद इतका वाढला की यंदा शिमग्यात सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, पालखी बसली तरी लोक दोन बाजूंना. काय करावं?
(एक वाचक, सध्या मुक्काम नालासोपारा)

उत्तर: दादा, राग मानू नका पण मंडळाचं म्हणणं मला अर्धं पटतंय. गावोगावची अशी म्युझियम मी पाहिलीयत, उद्घाटनाला मंडप, फेटे, फोटो, आणि नंतर कुलूप. मग गणपतीत कोणी पाहुणा आला की किल्ली कोणाकडे म्हणून अर्धी वाडी पालथी घालायची, आणि उघडलं की आत वाळवी.

पण मंडळाचा हॉलही मला पटत नाही, कारण वर्षातून पाच लग्नं सोडली तर त्यालाही कुलूपच. तुमच्या गावात माणसं रोज बसतात कुठे ते आधी बघा. सहाण आहे, देवळाचा सभामंडप आहे, गिरणीसमोरचा बाक, एसटीची वाट बघत बसतात तो कट्टा, घाटावर असतात तर पार आणि चावडी म्हटलं असतं. गावाचा इतिहास तिथेच बोलला जातो, कोणाची जमीन कुळकायद्यात गेली, पालखीचा पहिला मान कोणाचा, कोण पहिल्यांदा गिरणीत कामाला मुंबईला गेला. वस्तू तिथे न्या, माणसांना वस्तूंकडे ओढू नका.

पाचगणीजवळचं भिलार माहीतच असेल, स्ट्रॉबेरीचं गाव. २०१७ च्या मे महिन्यात तिथे पुस्तकांचं गाव सुरू झालं तेव्हा एक मोठी लायब्ररी नाही बांधली, २५ ठिकाणी साधारण १५ हजार पुस्तकं वाटून ठेवली, कोणाच्या घरात, कुठे देवळात, कुठे शाळेत. तुम्हीही तसंच करा की! धान्याची कणगी ज्या घरात आहे तिथेच राहू दे, बाहेर छोटी पाटी लावा. आणि कुडाळजवळ पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलं, चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं, पण बाहुल्या नुसत्या टांगून नाही ठेवल्या, खेळ चालू ठेवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून तुमचे मुखवटे काचेत घालू नका, जोपर्यंत नमन होतंय तोपर्यंत शिमग्याला बाहेर निघालेच पाहिजेत, रंग उडाला तर उडू दे, परत रंगवा.

मग शाळेचं काय, तर एक खोली मोकळी सोडा बसायला, मीटिंगला, बारशाला, आणि तिच्याच तीन भिंतींना फळ्या मारून वस्तू लावा. मंडळाचाही हॉल झाला, तुमचंही म्युझियम झालं. दुसऱ्या खोलीत अभ्यासिका काढलीत तर किल्लीचा प्रश्नच मिटतो, पोरं रोज उघडतील. फक्त एक, इमारत झेडपीची आहे, तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या, लेखी परवानगी येऊ दे, त्याआधी मंडळाचा एक रुपया त्यात घालू नका, नाहीतर उद्या भांडण वेगळंच.

आणि पाऊस! तुमच्याकडे चार महिने भिंती ओल्या. लाकूड, लोखंड भिंतीला टेकवायचं नाही, जमिनीपासून वीतभर वर ठेवायचं. नदीकाठी असाल तर आणखी वर. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, २००५ आणि २०२१ दोन्ही पुरांत पाणी शिरलं, तरी लोकांनी परत उभं केलं कारण ती त्यांची रोजची जागा होती. जुने मोडी कागद कोणी दिले तर लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको, मोबाईलवर चांगले फोटो काढा आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत द्या. भाऊबंदकीच्या भीतीने लोक कागद दाखवत नाहीत, परत मिळतो म्हटलं की दाखवतात.

प्रश्न: अकोले तालुक्यातल्या आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचा कोपरा केलाय, जातं, उखळ, मुसळ. मुलं बघतसुद्धा नाहीत.
(एक शिक्षिका)

उत्तर: ताई, मुकं जातं कोण बघणार! गावातल्या एखाद्या आजीला बोलवा, दळायला लावा आणि ओवी म्हणू दे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात करून १ लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर ऐकायला मिळतात. मुलांना आधी त्या ऐकवा, मग घरी जाऊन आपल्या आजीला विचारायला सांगा, मोबाईल आहेच सगळ्यांकडे. रेकॉर्डिंगला आजीचं नाव, माहेर आणि तारीख लिहायला विसरू नका, तेवढंच नेमकं राहून जातं. आणि तुमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंची बियाण्यांची बँक आहे, मुलांची सहल न्या, तिथे जुनं वाण नुसतं मांडून ठेवलेलं नाही, पेरायला मिळतं.

प्रश्न: देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आहेत, मंडळाने जीर्णोद्धारात त्यांना ऑइल पेंट दिला. छान दिसतात पण कोणी म्हणतं चुकलं.
(एक वाचक, भोर)

उत्तर: चुकलंच. रंगाखाली कोरीव काम बुजतं आणि दगडात ओल अडकते. पण आता स्वतः तारेच्या ब्रशने खरवडायला जाऊ नका, अ‍ॅसिड तर नकोच नको, पुरातत्त्व खात्याला पत्र लिहून विचारा. तोवर फोटो काढून ठेवा, आणि फरशीच्या कॉन्ट्रॅक्टरला आजच सांगा की वीरगळ सिमेंटमध्ये पक्के करायचे नाहीत.