जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा सगळ्यात भारी अल्बम कुठला, 'फॉक्सट्रॉट' की 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'?

माझं मत 'सेलिंग इंग्लंड'ला (१९७३), आणि ते फक्त 'फर्थ ऑफ फिफ्थ' या गाण्यासाठी दिलं तरी चालेल, टोनी बँक्सचा सुरुवातीचा पियानो, मग मधे बँडचा गायक पीटर गॅब्रिएल बासरीवर जी धून वाजवतो तीच स्टीव्ह हॅकेट गिटारवर अशी काही ताणतो की बास. 'फॉक्सट्रॉट'मधे (१९७२) ते २३ मिनिटांचं गाणं 'सपर्स रेडी' आहे, मान्य, पण बाकीचा अल्बम त्या उंचीचा नाही वाटत मला. 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा त्यांचा डबल अल्बम, दुसऱ्या अर्ध्यात रेंगाळतो (शिव्या घाला हवं तर). आणि गॅब्रिएल बँड सोडून गेल्यावर सगळं संपलं म्हणणाऱ्यांनी 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) ऐकलाय का नीट? ड्रमर फिल कॉलिन्स मस्त गायलाय त्यात.