भाऊ म्हणतो गोळ्या बंद!

प्रश्न: धाकटा भाऊ गणपतीत आठवडाभर जेमतेम झोपला तरी टवटवीत, क्रेडिट कार्डावर मंडळासाठी ढोल काय मागवले, अडवलं की अंगावर यायचा. दिवाळीनंतर अंथरुणातून उठेना. डॉक्टरांनी बायपोलर (मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली जाण्याचा आजार) सांगून लिथियम दिलं. आता बरा आहे तर म्हणतो गोळ्या बंद. काय करू?

उत्तर: ताई, बरा आहे तो बहुतेक गोळ्यांमुळेच, आणि लिथियम एकदम सोडलं की मॅनिया, म्हणजे गणपतीतली ती बेफाम अवस्था, परत उसळायचा धोका वाढतो, तेव्हा बंद-बिंद जे काय ते डॉक्टरांना विचारूनच. औषध जुनंच आहे, ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडनी १९४९ मध्ये मॅनियावर त्याचा उपयोग दाखवला. फक्त गोळ्या गिळून चालत नाही, रक्तातली लिथियमची लेव्हल साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर लागते, तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, शिवाय किडनी-थायरॉइडच्या टेस्ट. जुलाब, निर्जळी उपास, अंगदुखीला मनाने घेतलेली आयबुप्रोफेन, यांनी लेव्हल चढते. ती फार चढून हात जोरात थरथरले, तोल गेला तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि 'आळशी झालाय' म्हणणाऱ्या काकांना जरा लांबच ठेवा! मरणाची भाषा केली तर एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.