वाचकांचे प्रश्न : वाढत्या स्टार्टअपमधली नोकरी

गोव्यातल्या पर्वरी, पाटो, वेर्णा या भागांतल्या नव्या कंपन्यांत (स्टार्टअपमध्ये) काम करणाऱ्या, किंवा तिथे जावे की नाही या विचारात असलेल्या वाचकांच्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. नोकरभरती, हिशेब आणि सॉफ्टवेअर या तिन्ही बाजूंची माहिती असलेल्यांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : मी पणजीत एका जुन्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे (चुका शोधण्याचे) काम करते. पर्वरीच्या साठ माणसांच्या स्टार्टअपने वर्षाला नऊ लाख आणि वर 'चार लाखांचे ईसॉप' देऊ केले आहेत. घरात सगळे तेरा लाख झाले असे धरून बसलेत. ते बरोबर आहे का? पुढच्या वर्षी माझे लग्न आहे, त्याचा याच्याशी काही संबंध येतो का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : तेरा लाख नाहीत. नऊसुद्धा पूर्ण हातात येणार नाहीत, म्हणून आधी नऊचाच हिशेब मांडू.

मूळ वेतन सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, इथे नऊ लाखांच्या) निम्मे, म्हणजे वर्षाला साडेचार लाख, महिना ३७,५०० रुपये धरा. पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के पीएफ कापत असतील तर महिन्याला ४,५०० तुमचे आणि ४,५०० कंपनीचे. कंपनीचा हा वाटा बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेपोटी) मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे २१,६०० रुपये वर्षाला त्यातच दाखवतात. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षे सेवा झाल्यावरच मिळते आणि स्टार्टअपमध्ये पाच वर्षे टिकणारे थोडे. हे वजा जाता महिन्याला सुमारे ६४,००० उरतात. सीटीसीतले १० टक्के 'व्हेरिएबल' (कामगिरीवर अवलंबून असलेला पगार) असतील तर ५६-५७ हजारच. म्हणून ऑफर लेटरबरोबर पगाराचा महिनावार तक्ता मागा, आणि व्हेरिएबल कोणत्या निकषावर, कोणत्या महिन्यात मिळते हे त्यात लिहून घ्या. 'कंपनीची कामगिरी पाहून' एवढेच लिहिले असेल तर ते पैसे घरखर्चात धरू नका.

आता ईसॉप. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी कंपनीचे शेअर विकत घेण्याचा हा हक्क (ऑप्शन) आहे. शेअर अजून तुमचे नाहीत. 'चार लाख' हा आकडा बाजूला ठेवून पाच गोष्टी विचारा : ऑप्शन किती, कंपनीचे एकूण शेअर किती (सगळे ऑप्शन आणि गुंतवणूकदारांचे रूपांतर होणारे शेअर धरून), एक्सरसाइज किंमत (शेअर घेताना तुम्ही द्यायची किंमत) किती, वेस्टिंग (ऑप्शन टप्प्याटप्प्याने तुमचे होणे) कसे, आणि नोकरी सोडल्यावर ते विकत घ्यायला मुदत किती.

समजा २,००० ऑप्शन आहेत, आजचे मूल्यांकन शेअरला २०० रुपये आणि एक्सरसाइज किंमत १० रुपये. एकूण शेअर २० लाख असतील तर तुमचा वाटा ०.१ टक्का. एकूण शेअर न सांगता नुसते 'दोन हजार ऑप्शन' सांगणाऱ्या पत्राला अर्थ नाही. नेहमीची पद्धत चार वर्षांची असते : पहिल्या वर्षाअखेर पाव हिस्सा, मग दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडा थोडा. ऑप्शन दिल्यापासून पहिले वेस्टिंग होईपर्यंत किमान एक वर्ष जाऊ द्यावेच लागते, तसा कंपनी कायद्याखालचा नियम आहे. अकराव्या महिन्यात सोडलेत तर हातात शून्य. ऑप्शन देण्याला संचालक मंडळाची मंजुरी लागते आणि ती कधी कधी रुजू झाल्यावर चार-सहा महिन्यांनी मिळते. वर्ष त्या तारखेपासून मोजले जाते. म्हणून 'ग्रँट लेटर (ऑप्शन दिल्याचे पत्र) कोणत्या तारखेचे असेल' हे रुजू होण्याआधी विचारा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते करात. ऑप्शनचे शेअर करून घेता त्या दिवशी शेअरची किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक पगार समजला जातो. चार वर्षांनी मूल्यांकन ५०० रुपये झाले तर २,००० शेअरवर फरक ९ लाख ८० हजार. पगार आजचाच धरला तर एरवी नव्या कररचनेत तुम्हाला कर शून्य. शेअर घ्याल त्या वर्षी मात्र २०२५-२६ च्या दरांनी सुमारे दीड लाख. शेअर घ्यायचे २०,००० वेगळे. हे सारे भरायचे तेव्हा शेअर विकलेले नसतात, आणि कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर विकत घेणाराही नसतो. काही स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी कंपनीकडे आयकर सवलतीचे आंतर-मंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. 'स्टार्टअप इंडिया'ची साधी मान्यता त्याला पुरत नाही. एचआरला नेमके ते प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. असले तरी नोकरी सोडलीत की तो कर लगेच द्यावा लागतो.

आणि सोडल्यावरची मुदत : बऱ्याच करारांत ३० ते ९० दिवस. तेवढ्यात पैसे उभे केले नाहीत तर मिळवलेले ऑप्शनही जातात. एक किंवा अधिक वर्षांची मुदत देणाऱ्या कंपन्या आहेत. वाटाघाटीत पगारापेक्षा इथे जोर लावणे सोपे जाते, कारण कंपनीला त्या दिवशी खिशातून काही द्यावे लागत नाही.

लग्नाचा संबंध येतो, तो तुम्ही गोव्यात असल्यामुळे. इथल्या नागरी कायद्याने, लग्नपूर्व करार न करता लग्न झाले की नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते. आयकरही ते मानतो : पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत निम्मे निम्मे दाखवायचे. म्हणजे शेअर घेतानाचा तो 'पगार' पूर्ण तुमच्या नावावर, पण पुढे शेअर विकून झालेला नफा दोघांत विभागला जातो. गोव्याबाहेरच्या सीएकडून हे हमखास राहून जाते. विवरणपत्र इथल्याच सीएकडून भरून घ्या.

आमचे मत : पगाराचा तक्ता बघून आजच्या हातातल्या रकमेपेक्षा तो कमी नसेल तर जा. ईसॉप शून्य धरून निर्णय घ्या. टेस्टिंगवाल्याला साठ माणसांच्या कंपनीत शिकायला मिळते तेवढे सहाशेच्या कंपनीत मिळत नाही, कारण रिलीज (नवी आवृत्ती सोडणे) अडवण्याचा अधिकार लहान कंपनीत खरोखर तुमच्या हातात येऊ शकतो.

प्रश्न : रुजू झालो तेव्हा आम्ही अठरा होतो, आता सत्तर. पूर्वी मी सर्व्हर, ग्राहकांचे फोन, बिलिंगमधल्या चुका सगळे बघायचो. आता वर नवा मॅनेजर आलाय, रोज बैठका, आणि काम मात्र पूर्वीइतकेच माझ्यावर. माझे महत्त्व कमी झाले की काम वाढले, तेच कळेनासे झाले आहे. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही एकाच वेळी झाले आहे, आणि वाढत्या कंपनीत हे जवळजवळ प्रत्येक जुन्या माणसाचे होते. अठरा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात १५३; सत्तरांत २,४१५. पूर्वी चहाच्या टपरीवर ठरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायची. आता ती ज्यांना कळली नाही ते तुम्हालाच विचारतात. बैठका वाढतात त्या यामुळे. नव्या मॅनेजरचा त्यात फारसा दोष नाही.

उपाय काम कागदावर आणण्याचा आहे. एक आठवडा, अर्ध्या अर्ध्या तासाने, काय केले ते लिहा. शुक्रवारी त्याचे तीन भाग करा : फक्त तुम्हालाच येते ते, दुसऱ्याला शिकवता येईल ते, आणि कोणीच केले नाही तरी चालेल ते. तिसरा भाग बहुधा अपेक्षेपेक्षा मोठा निघतो : कोणी न वाचणारे अहवाल, जुन्या ग्राहकासाठी हाताने केलेली दुरुस्ती. ही यादी घेऊन मॅनेजरकडे जा आणि आठवड्याला अर्ध्या तासाची ठरलेली भेट मागा.

पहिल्या भागातल्या प्रत्येक कामाचे एक पान लिहा. त्यात : ही सेवा कशासाठी, लॉग (यंत्रणेच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) कुठे दिसतात, बंद पडली तर कोणत्या क्रमाने सुरू करायची, नवी आवृत्ती मागे कशी घ्यायची, कोणाला फोन करायचा. मग ते पान वाचून दुसऱ्याला काम करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. तो जिथे अडेल तिथे पान अपुरे आहे. दोन-तीन फेऱ्यांत ते पुरे होते.

पासवर्डचीही यादी करा. अठरा माणसांच्या काळात क्लाउडचे (भाड्याच्या सर्व्हरचे) मुख्य खाते, डोमेनचे नाव (वेबसाइटचा पत्ता), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) हे कोणाच्या तरी खासगी ईमेलवर आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर ठेवलेले असते. तो माणूस गेला, मोबाइल पाण्यात पडला, किंवा डोमेनच्या नूतनीकरणाचे पत्र त्याच्या न उघडलेल्या मेलमध्ये राहिले की अख्खी वेबसाइट बंद पडते. कंपनीच्या नावाचा वेगळा ईमेल, दोन माणसांकडे प्रवेश, आणि नूतनीकरणाच्या तारखा सर्वांच्या कॅलेंडरवर हव्यात.

चतुर्थीची सुट्टी ही याची खरी परीक्षा. गोव्यात चवथीला अर्धे ऑफिस गावी जाते, बंगळूर-मुंबईचे ग्राहक मात्र चालूच. त्याआधी आठवडाभर नवी आवृत्ती सोडू नका, आणि पाच दिवस फोन आला नाही तर हस्तांतर झाले असे समजा.

महत्त्वाबद्दल : सगळे बघणारा माणूस ही जागा सत्तरच्या कंपनीत शिल्लकच राहत नाही. तुम्हाला बिलिंग हवे की सर्व्हर, हे तुम्हीच आधी ठरवून सांगितले नाही तर उरलेले काम तुमच्या वाट्याला येईल.

प्रश्न : मुलगी पर्वरीला कामाला आहे. रात्री अकराला स्कूटरवरून साखळीला परतते, पावसातसुद्धा. 'सर्व्हरची ड्यूटी' म्हणते. हे नेहमीचेच का? — एक पालक

उत्तर : ड्यूटी (सर्व्हर बिघडला की दुरुस्त करायची पाळी) नेहमीची आहे, ती ऑफिसात बसून करणे नाही. बहुतेक बिघाड घरून लॅपटॉपवर दुरुस्त होतात. घरी राऊटरला इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे मोबाइल नेट एवढे पावसाळ्यात हवेच. वीज गेली की एकाच नेटवर्कवर भागत नाही. ड्यूटी आठवड्याआठवड्याने फिरली पाहिजे. त्यासाठी किमान चार माणसे लागतात. दोघांवरच चालवली तर सहा महिन्यांत एकजण राजीनामा देतो. तिने इतकेच मोजावे : महिन्यात रात्री किती वेळा फोन आला आणि त्यांतल्या किती वेळा खरोखर काही करावे लागले. काही न करता बंद केलेल्या सूचना यंत्रणेतून काढून टाकायला लावाव्यात.

रात्री ऑफिसात थांबावेच लागत असेल तर घरी पोहोचवणे हा कंपनीचा प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार स्त्रीकडून संध्याकाळी सातनंतर काम करून घ्यायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक आहे. गाडीची मागणी तिने ईमेलने करावी, तोंडी नको.

प्रश्न : पगार दोन महिने दहा-बारा दिवस उशिरा आला. मालक म्हणतात गुंतवणूक येतेय. थांबावे का? — एक वाचक, वास्को

उत्तर : पगारापेक्षा पीएफ बघा. मागच्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो; उमंग ॲपवरच्या पासबुकात दिसतो. पगारातून कापला पण पासबुकात नाही, असे सलग दोन महिने झाले तर पैसे संपत आले आहेत. पगारातून कापलेला आयकर (टीडीएस) आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या करकपातीच्या नोंदीत (२६एएस) कंपनीच्या तिमाही विवरणपत्रानंतर येतो, तोही तपासा.

मालकांना सरळ विचारा : बँकेत किती, आणि महिन्याला निव्वळ किती जातात? सहा कोटी असतील, खर्च ७५ लाख, उत्पन्न २५ लाख, तर ५० लाख जातात आणि बारा महिने निघतात. त्यात नऊ लाखांची दहा माणसे आणखी घेतली की महिन्याला साडेसात लाख वाढतात, आणि बाराचे साडेदहा महिन्यांवर येते. गुंतवणूक उभी करायला सहा महिने सहज लागतात. म्हणून सहापेक्षा कमी महिने उरले असतील आणि गुंतवणुकीच्या करारावर सह्या झालेल्या नसतील तर दुसरी नोकरी शोधायला लागा. उत्तर टाळले तर तेच उत्तर समजा. ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून पाहता येतो, पण तो मागच्या वर्षाचा असतो.

पगार बुडाला तर पाटोच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे स्टेटमेंट न्या. ऑफिसचा ईमेल बंद होण्याआधी ही कागदपत्रे खासगी मेलवर घ्या. फक्त आपली, ग्राहकांची माहिती नव्हे.

प्रश्न : फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्टार्टअप दोन वर्षांचा बाँड (आधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) आणि मूळ गुणपत्रिका मागते. देऊ का?

उत्तर : गुणपत्रिका देऊ नका. मूळ दाखवून प्रत द्या. बाँडमधली रक्कम कोणत्या प्रशिक्षणाची आणि किती खर्चाची आहे हे त्यात लिहिलेले नसेल, तर ते लिहून आणायला सांगा. नोटीस कालावधी दोन्ही बाजूंना सारखाच आहे का, तेही त्याच कागदावर बघा. नव्वद दिवस तुमचे आणि पंधरा त्यांचे असा करार आला तर तीस-तीस मागा. भरतीची घाई असलेल्या कंपन्या हे बहुधा मान्य करतात.